बबिताने वल्हवलेली होडी

मुकुंद,

"कु. बबिता हिच्या हस्तमुद्रा अशुद्ध. समारोपाच्या प्रयोगासाठी अपात्र." उन्हाळी शास्त्रीय अभिनय शिबिराचा परीक्षक म्हणून हा तुझा शेरा. प्रेक्षकाला पाणी दिसावे एवढ्यासाठीच मुद्रा असते, हे तुझ्या वाचनातून सुटलेले दिसते. काल कुरवंड्याच्या त्या चौदा वर्षांच्या मुलीने रिकाम्या हातांनी होडी वल्हवली आणि भर मे महिन्यात, वलवणच्या शिबिराच्या तापलेल्या पत्र्याखाली, माझ्या अंगावर गार वारा आला. इतक्या वर्षांच्या अभ्यासात मला हे कधी लाभले नव्हते.

संध्याकाळच्या प्रयोगासाठी तिला आणायला निघाले आहे. आमटी गरम करून घे आणि मी परतण्यापूर्वी तो शेरा खोड. नाही खोडलास, तर काल रात्री जेवताना तू स्वतः बोललेले वाक्य प्रयोगाला आलेल्या पालकांसमोर जसेच्या तसे सांगेन: "ताई, होडी कलली तेव्हा मी घाबरून पाय वर घेतले गं."