चारशे मेगाहर्ट्झचा हिवाळा

स्ट्रँडविक, मॅनिटोबा
फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार

श्रीमान वाल्डीराव यांना त्यांच्या एकुलत्या एक मेहुण्याचा, बोटं आखडलेली असूनही मनापासून केलेला नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? स्कुग्गीने वस्तू चावायचं सोडलं का? (कुत्र्याला शिस्त मालकाकडून लागते, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.) इकडे सगळं बरं आहे. लाउगाला, तुमच्या बहिणीला, सर्दी झाली आहे, तिचं कारण पुढे ओघात येईलच. हल्लीच्या काळात हा माणूस हाताने पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. तर माझा कम्प्युटर सध्या अशा अवस्थेत आहे, की त्यावर ‘प्रिय वाल्डीराव’ असं टाइप करून मी कॉफी करायला गेलो आणि कप घेऊन परत आलो, तेव्हा पडद्यावर नुसतं ‘प्रि’ आलं होतं. तुमच्याबद्दल आदर आहे, पण इतका नाही.

विषय असा आहे. माझ्या लॅपटॉपवर मी स्वतःच्या हाताने लिनक्स चढवलेलं आहे. (कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता, नुसतं वाचून. तुम्हाला हे ठाऊक आहे, तरी कागदावर असावं.) त्याचा प्रोसेसर काम नसेल तेव्हा चारशे मेगाहर्ट्झवर डुलक्या काढतो आणि काम पडलं की चौतीसशेपर्यंत धावतो, अशी व्यवस्था असते. कधी धावायचं आणि कधी डुलायचं हे ठरवणारा एक अंमलदार आत असतो, त्याला आमच्यात गव्हर्नर म्हणतात. (आपल्या प्रांताचा असतो तसा नुसत्या फिती कापणारा नव्हे.) तर तुम्ही थोरब्लोटची, आपल्या आइसलँडी लोकांची हिवाळी मेजवानी आटोपून विनिपेगला परत गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हा प्रोसेसर चारशेवर जो बसला तो बसला. काम द्या, शिव्या द्या, हलत नाही.

एरवी मी धीर धरला असता, पण मध्ये कर्लिंग आलं, म्हणजे बर्फावरून दगड सरकवण्याचे आपले सामने. क्लबचे सामने मीच कॅमेऱ्याने टिपून, याच लॅपटॉपवरून, तुमच्या आईच्या वृद्धाश्रमात थेट दाखवतो हे तुम्ही जाणताच. अम्माला आता बर्फातून इतक्या लांब आणणं शक्य नाही, त्यामुळे मुलगी खेळताना बघायची ती एवढ्याच वाटेने. उपांत्य सामन्यात लाउगा कप्तान होती. तिने वाकून दगड सोडला आणि नेमका तिथे माझा प्रोसेसर विचारात पडला. चित्र पुढे सरकेना. थोड्या वेळाने क्लबचा फोन वाजला, पलीकडे अम्मा. “अरे स्काप्टी, ती पोरगी कधीची वाकून बसली आहे. कंबर धरली असेल तिची, कुणी उभी करा रे तिला!” मी म्हटलं, अम्मा, ती सामना जिंकून बाहेर सूप पितेय. तर म्हणाली, “खोटं बोलू नकोस, मला समोर दिसतेय.” या गोष्टीवर क्लबचे चिटणीस केल्विन डिक इतके हसले, की त्यांना खुर्ची आणून द्यावी लागली. आणि मग डोळे पुसत त्यांनी सांगितलं, की शनिवारी अंतिम सामना आहे, तोवर तुझं यंत्र सुधारलं नाही तर मी माझा दुकानातून आणलेला कम्प्युटर लावणार. दुकानातून आणलेला! सगळं आयतं भरलेला! वाल्डीराव, त्या क्लबात मी इतकी वर्षं ज्या टेबलाशी बसतो तिथे केल्विन बसणार आणि अम्मा त्याला ‘शाबास’ म्हणणार, हे चित्र मात्र माझ्या डोळ्यांपुढे न अडखळता चालतं.

म्हणून मी शास्त्रशुद्ध तपासाला बसलो. प्रथम गव्हर्नर बदलला. ‘काटकसर’ होता, त्या जागी ‘कामगिरी’ नेमला. त्याने आज्ञा शिरसावंद्य असं कळवलं आणि चारशेवरच राहिला. (अशी माणसं मी क्लबच्या कार्यकारिणीत पाहिली आहेत, पण सिलिकॉनमध्ये प्रथमच.) मग वेग नेमका किती आहे हे सतत दाखवणारी एक प्रणाली मी लिहिली, ती दमतेय का हे बघणारी दुसरी, आणि दोघींवर नजर ठेवायला तिसरी. परिणामी प्रोसेसरची उरलीसुरली ताकद स्वतःकडे बघण्यात जाऊ लागली. फोरमवर विचारलं, तर एका गृहस्थांनी मी मुळात चुकीचं लिनक्स निवडलं आहे असं सांगितलं, दुसऱ्याने ते पहिले गृहस्थच चुकीचे आहेत असं सांगितलं, आणि त्यानंतर त्यांची जी जुंपली त्यात माझा प्रश्न कुणाच्या लक्षात राहिला नाही. मग घरातल्या वस्तू एकेक करून संशयातून वगळल्या. चार्जरच्या वायरीवर दातांच्या खुणा दिसल्या, म्हणून तळघरात उंदरांचे सापळे लावले. (उंदीर सापडला नाही. लाउगाचा अंगठा सापडला.) खुद्द चार्जरवर मात्र माझ्या लेबल-मशीनने छापलेलं ‘मूळ, हात लावू नये’ असं लेबल आहे, त्यामुळे त्याच्याकडे बघायचं कारणच नव्हतं.

उरली उष्णता. यंत्र तापलं की जपून चालतं हे मी वाचलेलं होतं. हात लावला तर गार लागलं, पण हातावर विश्वास ठेवणारा माणूस मी नव्हे, पुरावा हवा. म्हणून स्नोमोबाइलवर लॅपटॉप, चार्जर आणि जनरेटर बांधून मी सरोवरावरच्या माझ्या मासेमारीच्या खोपटात गेलो. बाहेर उणे चौतीस. (बॅटरीवर सोपं गेलं असतं, पण बॅटरीवरचं मोजमाप अशुद्ध असतं. शिवाय ती म्हातारी झाली आहे, अर्ध्या तासात झोपते.) बर्फात मासे धरायला पाडलेल्या भोकाच्या काठावर स्टुलावर लॅपटॉप ठेवला, जनरेटर सुरू केला आणि बघत बसलो. पडदा गारठला, अक्षरं काकवीसारखी ओघळू लागली, वेग चारशे. तेवढ्यात दारातून केल्विनने डोकं घातलं.

“काय रे, किती?”

“चारशे.”

“मासे?”

“मेगाहर्ट्झ.”

तो दार लावून निघून गेला, आणि माझी खात्री आहे की संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सरोवराच्या दोन्ही काठांना पोचली होती. पण ऐका. तो गेला, जनरेटरचं पेट्रोल संपलं, सगळीकडे शांतता झाली, आणि त्याच क्षणी वेग उडाला: चौतीसशे! मी उभा राहिलो, डोकं छताला आपटलं, एक हातमोजा भोकात पडला. निष्कर्ष उघड होता. थंडी अखेर आतपर्यंत पोचली होती.

घरी आल्यावर मी सगळ्या खिडक्या उघडल्या. लाउगाने विचारलं, “हे किती वेळ?” मी म्हटलं, शनिवारपर्यंत. तिने अंगात जाड कोट चढवला, टोपी घातली आणि तशीच सूप ढवळत राहिली. कॉफीवर साय धरते तसा बर्फ धरला. लॅपटॉप टेबलावर, चार्जर भिंतीत, आणि वेग? चारशे. दुसऱ्या दिवशी नळाचा पाइप फुटला, तेव्हा तिने एकही शब्द न बोलता खिडक्या लावल्या. ते न बोलणं, वाल्डीराव, आपण दोघांनी वेगवेगळ्या वयात ऐकलेलं आहे.

तर अशी हकीकत. सहज लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं. मागणं काही नाही. पाठीला शेक घेत जा, आणि जुन्या गोष्टी मनात धरू नका.

तुमचा,
स्काप्टी एयोल्फसन

ता. क. जुन्या गोष्टींवरून आठवलं. थोरब्लोटच्या रात्री निघताना तुम्ही एका काळ्या चार्जरबद्दल “हा माझा आहे रे” असं काहीसं म्हणाला होतात आणि मी तुम्हाला त्यावरचं लेबल दाखवलं होतं. (लेबल मी त्याच संध्याकाळी, दोन्ही चार्जर शेजारी शेजारी पडलेले असताना लावलं होतं.) त्यावर मी थोडा वेळ बोललोही होतो. लाउगा म्हणते, तुमची गाडी तोवर बर्फात गाडली गेली होती. काल ते लेबल किंचित तिरपं दिसलं म्हणून सोलून सरळ लावायला घेतलं, तर खाली आकडा निघाला: पंचेचाळीस वॅट. माझा नव्वदचा. लॅपटॉप चार्जरला ओळख विचारतो, ओळख पटली नाही की घाबरून सावकाश चालतो आणि चार्जर काढला (किंवा जनरेटरचं पेट्रोल संपलं) की पुन्हा धावतो, हे मला लगेच उमगलं. लेबल बरोबरच होतं, हे लक्षात घ्यावं. चार्जर चुकीचा होता.

ता. क. दुसरा. तुमच्याकडे असलेला नव्वदचा चार्जर शुक्रवारच्या बसने पाठवावा. पार्सलवर बाहेरून ‘मासेमारीचं सामान’ असं लिहावं. केल्विनला आणि लाउगाला यातलं काही कळू नये. लाउगाला मी थंडीनेच गुण आला असं सांगणार आहे.

ता. क. तिसरा, अक्षर वेगळं आहे कारण पाकीट चिकटवायला मी बसलेय. वाल्डीदादा, वायरीवरचे स्कुग्गीचे दात मी पहिल्याच दिवशी ओळखले होते. “हा दादाचा चार्जर आहे” असं म्हटलंही, तर मला लेबल दाखवण्यात आलं. पण तू चार्जर शनिवारनंतरच पाठव. अम्माचा काल फोन होता. तिकडे सगळ्या म्हाताऱ्यांना तो सामना भलताच आवडला. एरवी दगड कधी गेला ते त्यांच्या डोळ्यांना कळतच नाही. या वेळी तो निवांत आला, मध्ये कॉफी झाली, कुठे थांबेल यावर बिस्किटांच्या पैजा लागल्या, आणि अम्मा सगळी बिस्किटं जिंकली. तिने केल्विनला बजावलंय: “अंतिम सामना स्काप्टीच्याच यंत्रावर दाखवायचा. तुझं ते घाईचं यंत्र आमच्याकडे आणू नकोस. आणि लाउगाला म्हणावं, वाकलीस की नीट वाक, आम्ही पुष्कळ वेळ बघतो.” हे यांना मी शनिवारी रात्री सांगेन. तोवर खिडक्या बंद राहिल्या म्हणजे झालं.