बाबांच्या तासणीचं माहेर

अतिउ बेट,
मंगळवार

प्रिय आणि (थोड्याशा भीतीसह) आदरणीय आकाइतीताई,

किया ओराना. तुला उदंड आयुष्य लाभो, ऑकलंडच्या थंडीत तुझे गुडघे शाबूत राहोत, आणि हे पत्र वाचताना तू खुर्चीवर बसलेली असोस. इकडे सगळे खुशाल. तुझ्या भावजयीचा, तेपाएरूचा, खोकला गेला, डुकरीण व्यायली (नऊ पिल्लं, दोन चोरीला, चोर नात्यातलाच), आणि तुझ्या वाट्याच्या तारोच्या कंदांच्या खाचरात पाणी भरपूर आहे. ते मी रोज जाऊन बघतो. निदान एक दिवसाआड तरी.

आता बाबांच्या तासणीचं. तू इथून जाताना होडी तासायची ती दगडी तासणी पेटीत ठेवलीस, किल्ली माझ्या हातात दिलीस आणि बजावलंस की ही थोरलीची वस्तू आहे, कुणाला दाखवायची नाही. मी एकवीस वर्षं दाखवली नाही. (पाळकसाहेबांना दाखवली, पण देवाच्या माणसाचं धरायचं नाही.) मग गेल्या महिन्यात मारेता आली. माउके बेटावरची मुलगी, डनेडिनला शिकून डॉक्टर झालेली. विमानतळावर ‘डॉक्टर’ म्हटल्याबरोबर चार म्हाताऱ्या गुडघे दाखवायला उभ्या राहिल्या. ती दगडांची डॉक्टर निघाली. तरी बिचारीनं चौघींचे गुडघे बघितले, असं तेपाएरू सांगते.

तिच्याकडे भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलसारखं एक यंत्र होतं. ते दगडाला टेकवायचं, मिनिटभर थांबायचं, की दगडात कुठला धातू किती ते कळतं. प्रत्येक डोंगराचं हे प्रमाण वेगळं असतं म्हणे, जशी प्रत्येक घरच्या कालवणाची चव वेगळी. त्यावरून दगड कुठल्या डोंगराचा ते ओळखायचं. दगडाला खरचटतसुद्धा नाही. झालं, सगळं बेट दगड घेऊन रांगेत. तेपाएरूनं स्वयंपाकघराच्या दाराला लावायचा धोंडा नेला. तो रारोटोंगाचा निघाला (रस्त्यासाठी खडी आली होती तिच्यातला असणार), तेव्हापासून ती त्याला लाथ मारून सरकवत नाही, वाकून उचलते.

तासणी मी नेणार नव्हतो, शपथ. पण शनिवारी दुपारी आमच्या पिण्याच्या बैठकीत कारेरोआ आजोबा बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले, जीभ मात्र विशीतली. तुला त्यांचं आणि बाबांचं भांडण ठाऊकच आहे. बाबा म्हणायचे, आपल्या पूर्वजानं आपल्याच टेकडीतला दगड फोडून ती घडवली. कारेरोआ म्हणायचे, त्यांच्या घराण्याची कुणी मूळ आजी ती पश्चिमेकडून समुद्र ओलांडून घेऊन आली आणि तिच्या लेकीबरोबर लग्नात ती आपल्याकडे आली. एवढ्यावरून चाळीस वर्षं दोन्ही घरं चर्चमध्ये दोन टोकांना बसतात आणि एकमेकांचं डुक्कर खात नाहीत. त्या दिवशी दारूची करवंटी माझ्याकडे आल्याबरोबर ते सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझ्या पूर्वजाला नारळ फुटत नव्हता, तो डोंगर काय फोडणार?” ताई, बाबांचा प्रश्न होता. मी (तिसरी करवंटी होती, कबूल) भर बैठकीत तासणी तपासून घ्यायचा शब्द देऊन बसलो.

सोमवारी सकाळी रविवारच्या शाळेच्या खोलीत सगळं बेट जमलं. मारेतानं यंत्र टेकवलं, आकडे बघितले, पुन्हा टेकवलं, पुन्हा बघितले. तिसऱ्यांदा टेकवल्यावर मला कळलं की काहीतरी बिघडलं.

“काका,” ती हळूच म्हणाली, “हा दगड अतिउचा नाही. सामोआचा आहे, तुतुइला बेटावरच्या खाणीतला.”

तुतुइला! इथून जवळजवळ दीड हजार किलोमीटर. आधी बाबा खोटे पडले याचंच वाईट वाटलं, ते मान्य करतो. पण मग मी त्या पाण्याचा विचार करायला लागलो. ना खिळा, ना होकायंत्र. काथ्यानं शिवलेल्या फळ्या, विणलेलं शीड, त्यात बायका, पोरं, कोंबड्या, तारोची रोपं, आणि कुणाच्या तरी मांडीवर हा दगड. मारेता म्हणाली, त्या खाणीचे दगड कितीतरी बेटांवर सापडलेत, म्हणजे जाणं-येणं चालूच असणार. आपल्याला वाटायचं आपण जगाच्या कोपऱ्यात पडलेली माणसं. अगं, आपण भर रस्त्यावर राहत होतो. रस्ता पाण्याचा होता, एवढंच.

आता कारेरोआ काय बोलतात म्हणून सगळे कान देऊन बसले. मीही मान खाली घालून तयार होतो. ते काठी टेकत पुढे आले आणि तासणी हातात मागितली. चाळीस वर्षं भांडले, पण हात कधी लावला नव्हता. बराच वेळ धारेवरून अंगठा फिरवत राहिले.

“किती दिवस लागले असतील आजीला?”

वारा चांगला असेल तर दोन-तीन आठवडे, मारेता म्हणाली. आणि ती कुणी आणली ते मात्र यंत्र सांगू शकत नाही, हेही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. आजोबांनी ते ऐकलंच नाही.

“आणि परत गेली असेल का गं ती कधी? आईला भेटायला?”

“ते दगड सांगत नाही, आजोबा.”

ते तिथेच पोरांच्या बुटक्या बाकावर बसले. इतका जिंकलेला माणूस इतका रडताना मी पाहिला नव्हता. मी जवळ जाऊन म्हणालो, आमचे बाबा चुकले, तासणी तुमच्याकडे ठेवा. त्यांनी ती माझ्या हातात परत दिली. म्हणाले, “जपली कुणी? तुझ्या बापानं. मी नुसता बोललो.” पुढच्या रविवारी दोन्ही घरं एका बाकावर बसली आणि डुक्कर त्यांचं होतं. (मीठ कमी. बोललो नाही.)

तर ताई, तुझ्या परवानगीशिवाय पेटी उघडली, याबद्दल हात जोडतो. रागावणार असलीस तर पोट भरलं की रागाव.

तुझा धाकटा,
नूरोआ

ता. क. – खरं काम राहिलंच. मोठी शिडाची होडी इथून सामोआला निघणार आहे. आजोबांची इच्छा, की तासणीनं एकदा माहेर बघून यावं. मालक तू, म्हणून कागदावर तुझी सही हवी. कागद सोबत आहे.

ता. क. २ – टपालाचं विमान शनिवारी जातं आणि होडी गुरुवारी सुटते, तेव्हा सहीची घाई करू नकोस. तासणी तुझ्या लग्नातल्या गोधडीत नीट गुंडाळली आहे.

ता. क. ३ – वन्सं, मी तेपाएरू. पाकीट बंद करायला दिलं म्हणून वाचलं. यांना सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून मी सांगते, तासणीबरोबर हे स्वतःच गेलेत. होडी प्रवाळाच्या कड्याबाहेर पडायच्या आतच ओकायला लागले. लोकांनी किनाऱ्यावरून हाका मारल्या, उतरा म्हणून. उतरले नाहीत. एका हातानं कठडा धरून ओकत होते, पण दुसऱ्या हातातलं गाठोडं काही कुणाला दिलं नाही.