लायलची जागा

मी, आर्डिथ प्रुइट, वय ७८, राहणार कोल्टर्स फोर्क, केंटकी, निवृत्त प्राध्यापिका, कुणाच्या दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहिते. फुप्फुसं थकली आहेत, डोकं शाबूत आहे. लिहिण्याचं खरं कारण एकच: माझा धाकटा भाऊ लायल अजून जमिनीत गेलेला नाही.

राहतं घर शेजारीण ओपल स्टॅम्पर हिला द्यावं. आमच्याकडे आजाऱ्याच्या घरी चर्चमधून जेवण येतं; भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी असते, म्हणजे भांडं परत जातं. १९८७ साली लायल एड्स घेऊन मरायला घरी आला, तेव्हाही जेवण आलं, पण फेकून द्यायच्या पत्र्याच्या ताटल्यांत. मी म्हटलं, "बघ, लोकांना किती माया!" लायल हसला. "ताई, एवढी शिकलीस ते वाया गेलं गं. माझं उष्टं भांडं घरात नकोय त्यांना." ओपल तेवढी स्वतःचं काचेचं भांडं घेऊन आली, नावाच्या पट्टीसकट. दुसऱ्या दिवशी ते न्यायला आली आणि त्याच्या ताटात उरलेलं खाऊन गेली.

माझी पुस्तकं आणि पाद्री, नर्सेस, मुलं गमावलेल्या आया यांच्या मुलाखतींच्या टेप विद्यापीठाला द्याव्यात. धर्म, आजार आणि कामजीवन यांचा अमेरिकी इतिहास मी जन्मभर शिकवला. "हा काय बायकांनी शिकवायचा विषय?" असं विचारणाऱ्या विभागप्रमुखांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. जिवंत असतील तर.

चर्चच्या दफनभूमीत आईशेजारी माझी जागा राखलेली आहे. लायल गेल्यावर त्याच्यासाठी जागा मागायला गेले तेव्हा चर्चचे कारभारी डीकन टॅकेट म्हणाले, "आर्डिथ, तुझं ठीक आहे. त्याला इथे नको. आमचीही लेकरं निजलीत इथे." अशा नकारांवर मी अख्खं पुस्तक लिहिलं, पण भावाला वीतभर जमीन मिळवून देऊ शकले नाही. हे दुःख मला रोज खातं.

त्याची रक्षा माझ्या कपड्यांच्या कपाटात आहे. अंत्यविधी करणाऱ्या रॉस कोम्ब्सने ती शवपेटीत माझ्या कुशीत ठेवावी, वर गोधडी घालावी आणि झाकण बंद करावं. हा कागद दफनानंतरच उघडावा; रॉसला सगळं आधीच सांगून ठेवलंय.

रॉसने विचारलं, "बाई, डीकननी पेटी उघडायला लावली तर?"

"सांग, मेलेल्या बाईची झडती घेत नसतात."

दगडावर फक्त माझं नाव घालावं. सोबत कोण आलंय ते आईला कळेल.

सही: आर्डिथ प्रुइट

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. रॉस कोम्ब्स
२. व्हेल्डा इसन, परिचारिका

कोल्टर्स फोर्क, ११ मार्च २०२३