एकच दार असलेल्या गाडीबद्दल

मी, क्रेसेंट्स हुटरर, घरात झेन्झी, वय सव्वीस, राहणार रेगेन्सबुर्ग (राहते कमी, भटकते जास्त), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. मी पूर्ण शुद्धीवर आहे, दबाव कुणाचा नाही. फक्त कावले आहे. उद्या आजोबांची जुनी मेसरश्मिट गाडी घेऊन आल्प्सपलीकडे निघते. घाटात तीन चाकांवर माझं काय होईल ते सांगता येत नाही. माझ्यामागे बाबा आणि गुस्टलकाका काय करतील ते मात्र आत्ताच सांगते: भांडतील.

कलम १. बचत नाही. पाना-पक्कडीची पेटी शेजारच्या फ्रान्त्सला. ती मुळात त्याचीच आहे. बेकरीत शिकाऊ होते तेव्हाचा एप्रन त्या मालकाला, न धुता. तो मला तुझ्या पावात जीव नाही म्हणाला होता, आणि खरं तर पीठच जुनं… असो.

कलम २. खरी मिळकत म्हणजे आजोबांच्या दोन गाड्या. मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून त्यांनी त्या मला दिल्या. आणि मुलगे बोलत नाहीत ते याच गाड्यांपायी: बाबांना इसेटा प्यारी, काकांना मेसरश्मिट. एका टेबलावर बसून सॉसेज खातात आणि बोलतात माझ्याकडे बघून.

"तुझ्या बापाला सांग, त्याची इसेटा म्हणजे चाकं लावलेलं अंडं."

"तुझ्या काकाला सांग, अंडं परवडलं. त्याची ती काचेची शवपेटी आहे."

कलम ३. संग्राहक मला सारखे विचारतात, दोन्हींत चांगली कुठली? एकदाचं लिहून टाकते. मेसरश्मिट दुर्मिळ, आपल्याच गावात बनलेली, वळणावर रस्त्याला चिकटून पळते. इंजिन थांबवून उलटं सुरू केलं की चारही गिअर मागे चालतात. पण उन्हात त्या काचेच्या घुमटाखाली माणूस शिजतो, आणि मागे बसणाऱ्याला पुढच्याची फक्त मान दिसते. इसेटा मंद, पण तिचे भाग मिळतात. बाक एकच, दार एकच, तेही नाकावर. शेजाऱ्याचं कोपर लागतंच. अबोला चालवायला मेसरश्मिट बरी. मोडायला इसेटा.

कलम ४. सबब इसेटा आणि मेसरश्मिट (जेवढी उरेल तेवढी) दोघांना मिळून देत आहे. अट एकच: दर वर्षी आजोबांच्या वाढदिवशी दोघांनी एकत्र, इसेटात बसून, त्यांच्या थडग्यावर जावं. एक वर्ष जरी चुकलं तरी दोन्ही गाड्या हांबुर्गच्या त्या संग्राहकाला, जो गाड्या चालवत नाही, नुसत्या पुसतो.

कलम ५. हे कलम शेडमध्ये उभ्याने लिहीत आहे. अट जमते का बघायला आज दोघांना इसेटातून थडग्यावर पाठवलं. परत येताना बाबांनी गाडीचं नाक थेट भिंतीला टेकवलं. दार उघडत नाही. मागचा गिअर बाबांनीच दुरुस्त केलाय, म्हणजे पडत नाही.

"आलोइस, गाढवा! दार कुठे असतं ते विसरलास?"

"तूच ओरडत होतास ना, अजून पुढे घे, अजून पुढे घे!"

"तुझ्या अंड्याला नाक आहे हे मला काय माहीत!"

"झेन्झी, ढकल गं मागे!"

मी म्हटलं, आधी सह्या.

साक्षीदार कायद्याने लागत नाहीत म्हणे. तरी घेतले. कागद अडकलेल्या छपराच्या फटीतून आत दिला, सह्या होऊन वर आला. मी मागे ढकलायला पुढच्या बाजूने हात घालणार, तोच काका म्हणाले, "थांब गं जरा. हा तुझ्या आजोबांबद्दल काहीतरी सांगतोय."

थांबले आहे.

साक्षीदार: आलोइस हुटरर, गुस्टल हुटरर (दोघे अजून आतच)
सही: क्रेसेंट्स हुटरर
रेगेन्सबुर्ग, १८ मे २०२४