गार पाण्यात धुतलेली अंडी

३ जुलै
आले एकदाची! पापनाशमला बस सोडली आणि नागलक्ष्मी अक्कांच्या मोपेडवर मागे बसून नारळीच्या बागांतून थेट त्यांच्या उबवणी केंद्रात, काम शिकायला. खोली छोटी आहे, पण खिडकीखाली कालवा वाहतो. निघताना तंजावूरला अण्णांनी नाक मुरडलं होतं. हे कशास गे विनुता, म्हणाले, आपल्या घरात वडील माणसं अंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत. मी म्हटलं, रोज न्हाईन, आणि माझ्या हातची पिल्लं तुम्हाला दाखवीन. नाही जमलं तर परत येऊन तुम्ही सांगाल त्या मुलाशी लग्न करीन. बोलून बसले खरी! आजोबांनी शिकवलेल्या या मराठी अक्षरांत लिहायची सोय अशी, की इथं कुणाला ती वाचता येत नाहीत.

५ जुलै
आज माझा पहिला ट्रे. आसपासच्या गावांतून आलेली गावठी कोंबड्यांची अंडी, बरीचशी माती आणि विष्ठा चिकटलेली. अक्कांनी दाखवलं: थोडी मळकी असतील ती पॉलिश पेपरनं कोरडीच घासायची, फार घाण असतील ती टाकून द्यायची. तण्णी वेंडाम, पाणी नको, असं पुन्हापुन्हा बजावलं. अंडं गरम आणि पाणी गार, की आतलं आकसतं आणि कवच बाहेरचं सगळं आत ओढून घेतं. त्यातून कालव्याचं तर नकोच. का, ते सांगितलं नाही.

मला हसू आलं. कालव्यात कावेरीचंच तर पाणी! आमच्याकडे सोवळ्याला बोअरचं चालत नाही, वाहत्या पाण्यानं मात्र कुठलाही विटाळ जातो. अक्का जेवायला गेल्या तसा सगळा ट्रे कालव्यात बुचकळला. कशी लख्ख निघाली अंडी! पुसून उबवणीच्या यंत्रात लावून टाकली. मग मीही कालव्यात न्हाले. उन्हानं तापलेल्या अंगाला बरं वाटलं.

१२ जुलै
अंधाऱ्या खोलीत अंडी दिव्यावर धरून पाहिली. शिरांची लाल जाळी दिसायला हवी होती. दिसला तो मातकट डाग, आतून कवचाला टेकलेल्या चिमुकल्या पंजाचा. पाच बोटं. आमच्या पिल्लांना चारच असतात.

धुतलीस ना, एवढंच अक्कांनी विचारलं, आणि ट्रे जाळायला निघाल्या. मी दारात आडवी उभी राहिले. माझी अंडी आहेत, मी उबवणार.

१४ जुलै
टकटक ऐकू येते. इतक्या लवकर पिल्लाची चोचही धड होत नाही. मी एका कवचावर नखानं वाजवलं. सगळ्या ट्रेनं उत्तर दिलं. भीती वाटली, खोटं कशाला लिहू? अक्का इथून चल म्हणत होत्या, शेवटी केंद्र सोडून एकट्याच गेल्या. अण्णांचा फोन आला. म्हटलं, सगळं छान आहे. परत जायचं नाही म्हणजे नाही.

१५ जुलै
अंडी फुटली. आत कुणीच नाही — नुसतं पाणी, यंत्राच्या उबेत राहूनही गारठलेलं. टकटक थांबली नाही. यंत्र बंद केलं तरी — खोलीत आले तरी — माझ्याबरोबरच —

१६ जुलै
तळहातावर मातकट डाग. साबण लावला. पॉलिश पेपरनं घासलं, रक्त आलं. डाग तसाच. आतून आहे. मीही तापलेलीच होते. त्याच पाण्यात मीही —

१७ जुलै
पाठीत. पोटात. पाच-पाच बोटं.

जाणार नाही. अण्णांकडे नाही, कालव्याकडे तर नाहीच. ऐकताय ना आत? हे अंग माझं आहे. फोडून तर बघा, मी —