परत आलेल्या भाकरी

ती. आईस तनुजाचा वाकून नमस्कार,

फोन अण्णांच्या खिशात असतो, म्हणून ही चिठ्ठी रिकाम्या डब्यात ठेवून फर्दापूरच्या गाडीनं पाठवतेय. म्हणजे डबा रिकामा नाय. भाकरी तशाच परत आल्यात, रागवू नको.

मी बरी आहे. पुंडलिकनगरची खोली चांगली आहे, लुबना सोबतीला असते. म्हशीचा पाय बरा झाला का?

पोलीस भरतीला पळायचं तर अंग हलकं पाहिजे, असं जिमचे सर म्हणतात. म्हणून जेवण सोडून त्यांची पावडरच पीत होते. पळणं लई सुधारलं होतं.

काल ग्राउंडवर जरा चक्कर आली. जरा म्हणजे, डोळे उघडले तेव्हा दवाखान्यात होते. लुबनाच्या अम्मीनं चमच्यानं खिचडी भरवली. आता धरून धरून चालते.

रक्त तपासलंय. डॉक्टर मला काहीच सांगत नाहीत, घरचं माणूस घेऊन ये म्हणतात. अण्णांना कळलं तर कॉलेज बंदच करतील.

उद्या कंडक्टरकडं डबा देऊ नको. अण्णांना म्हण, कालवण सांडतं, मीच नेऊन देते. भाकरी जास्तीच्या आण. तुझ्यासमोर बसून सगळ्या खाईन.

तुझीच,
तनू