लाल की करडे

रविवार, २८ जानेवारी २००७

आज सोसायटीची मीटिंग झाली. पुढच्या आठवड्यात महापालिकेची निवडणूक, माझं पहिलं मत, आणि चेअरमनकाकांनी ते परस्पर देऊनही टाकलंय. उमेदवार आवारात पेव्हर ब्लॉक बसवून देतोय, बदल्यात अख्ख्या बिल्डिंगची मतं त्याला. मागच्या निवडणुकीत याच गोष्टीवरून पप्पा भांडून उठून आले होते. आज गप्प. का गप्प?

मीच विचारलं, "काका, मत ज्याचं त्याचं असतं ना?"

"अगं बेटा, ग्रॅज्युएट झालीस, आता जरा प्रॅक्टिकल हो!"

सगळे हसले. पप्पाही.

मग ब्लॉक लाल हवेत की करडे, यावर जोरदार वाद. शेवटी हात वर करून मतदान. मी लालसाठी हात वर केला. लाल जिंकले.

जिना चढताना पप्पा म्हणाले, "बघ, ऐकलं ना तुझं?"

आणि मला खरंच बरं वाटलं.